रिक्सिया खरंच 'आदिम' आहे का? लिव्हरवर्टचा डीएनए, वर्गीकरण आणि सोलापुरातले नमुने

ओलीमाती

पावसाळ्यात सोलापूरच्या आसपास विहिरीच्या कडेला, रब्बीसाठी मोकळ्या ठेवलेल्या रानाच्या बांधाला, नळाचं पाणी झिरपतं तिथे नाण्याएवढ्या हिरव्या चकत्या मातीला चिकटून बसलेल्या दिसतात. प्रत्येक फाक टोकाशी दुभागलेली, मधोमध खाच. ही रिक्सिया. लिव्हरवर्ट, म्हणजे विश्वकोशी मराठीत यकृतका. दसरा-दिवाळी उलटली की वाळून गायब.

बीएस्सीच्या पुस्तकांत अजूनही क्रम ठरलेला आहे: रिक्सिया, मग मार्केंशिया, मग अँथोसेरॉस (हा हॉर्नवर्ट), मग फ्युनारिया (हे मॉस). म्हणजे साध्यापासून गुंतागुंतीकडे. रिक्सियाचा स्पोरोफाईट (फलनातून होणारी, स्पोर बनवणारी पिढी) म्हणजे नुसती स्पोरांची पिशवी, त्याला ना फूट (रुतलेला पाया) ना सीटा (पिशवी उचलणारा दांडा), म्हणून ती सगळ्यांत आदिम, असं शिकवतात. डीएनएवरून आता जे वर्गीकरण आहे त्यात हे टिकतं का? आणि दुसरा प्रश्न जास्त व्यवहाराचा. आपल्याकडच्या रिक्सियाच्या जाती डीएनएवरून ओळखायच्या तर साध्या कॉलेजच्या लॅबमध्ये काय काय लागेल, आणि कुठे फसायला होतं? सविस्तर लिहा, घाई नाही.

कायक

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: नाही, टिकत नाही. रिक्सिया वंशवृक्षाच्या बुंध्याशी नाही, वरच्या फांदीवर बसते.

डीएनएनुसार लिव्हरवर्टचे तीन मोठे वर्ग पडतात. सगळ्यांत आधी फुटलेली फांदी हॅप्लोमिट्रियम आणि ट्रुबिया यांची. उरलेल्यांत एकीकडे मार्केंशियाचा वर्ग, म्हणजे हवेच्या कप्प्यांचे जाड थॅलस (मूळ-खोड-पान वेगळं नसलेलं चपटं शरीर). दुसरीकडे युंगरमानियाचा वर्ग, त्यात साधे थॅलस आणि पानांसारख्या अवयवांच्या सगळ्या जाती. जगातल्या सुमारे सात हजार जातींपैकी बहुतेक या शेवटच्या वर्गात आहेत.

आता मार्केंशियाच्या वर्गात तळाशी कोण आहे ते बघा. ब्लासिया. तिला फूट आहे, लांब सीटा आहे, इलेटर (स्पोर विखरायला मदत करणारे धागे) आहेत. हॅप्लोमिट्रियमलाही सीटा आणि इलेटर आहेत. युंगरमानियाच्या वर्गातही तेच. म्हणजे रिक्सियाच्या आधी फुटलेल्या फांद्यांकडे जे आहे ते तिच्याकडे नाही. मग हिशेब सोपा आहे: आधी होतं, नंतर गेलं. रिक्सिया मार्केंशिएल्स गणात चांगली आत बसते, रिक्सिओकार्पोस आणि ऑक्सिमिट्रा यांच्या शेजारी.

यात आपल्याकडच्या माणसाचं नाव घ्यायलाच हवं. शिव राम कश्यप यांनी लाहोरात बसून, डीएनएवरून नातं लावायची सोय नसताना, हेच मांडलं होतं की साधे दिसणारे थॅलस हे गुंतागुंतीच्या थॅलसपासून ऱ्हास होत आले असावेत. पश्चिम हिमालय आणि पंजाबच्या मैदानातल्या लिव्हरवर्टवरचा त्यांचा ग्रंथ १९२९ आणि १९३२ असा दोन भागांत आला. समोर बॉवरचा सिद्धांत होता, १९०८ चा: स्पोर बनवणाऱ्या पेशी हळूहळू वांझ होत गेल्या आणि त्यातून फूट-सीटा तयार झाले. पुस्तकांनी दोन्ही सिद्धांत शेजारी शेजारी छापले आणि धड्यांचा क्रम मात्र बॉवरचा ठेवला. परीक्षेत 'दोन्ही बाजू लिहा' एवढ्यावर भागतं. रिक्सियापुरता तरी निकाल कश्यपांच्या बाजूने लागलाय.

हुरडा

पण सर, ऱ्हास व्हायला काही कारण लागतं की. सीटा असली तर स्पोर उंचावरून लांब उडतात. ती टाकून देऊन काय मिळालं?

कायक

@हुरडा, प्रश्न बरोबर आहे. आपल्या हवामानातच बघा. पाऊस जूनच्या मध्यावर सुरू होतो, मधे तीन-तीन आठवडे ताण देतो, ऑक्टोबरात संपतो. एवढ्यात उगवून, वाढून, स्पोर तयार करून मोकळं व्हायचंय. उभा दांडा, छत्री, इलेटर यावर खर्च न करता स्पोर थॅलसच्या पोटातच पिकवायचे आणि थॅलस कुजला की जागच्या जागी मातीत सोडायचे. जिथे आई जगली ती जागा पुढच्या वर्षीही चालेल, हा हिशेब. स्पोरही मोठे, जाड कवचाचे असतात, उन्हाळा मातीत काढतात. याला मी पुरावा नाही, पटण्याजोगं स्पष्टीकरण म्हणेन. झाडावरची जागा हा पुरावा, त्यामागचं कारण हा तर्क. दोन्हीची सरमिसळ नको.

एकटी रिक्सियाच नव्हे. आपल्या सह्याद्रीत ओढ्याकाठी सापडणारी ड्युमॉर्टिएरा घ्या. हवेचे कप्पे जवळजवळ गेलेले, वरून बघितली तर साधा थॅलस वाटते, पण डीएनए तिला मार्केंशियाच्याच गोतावळ्यात ठेवतो. मोनोक्लिया तर इतकी साधी दिसायची की तिला वेगळा गण दिला होता, तीही मार्केंशिएल्समध्येच निघाली. उलट गंमत प्लुरोझियाची. दिसायला पानवाली, पण नातं साध्या थॅलसवाल्या मेट्झगेरियाशी. आणि वर आलेली ब्लासिया पूर्वी साध्या थॅलसवाल्यांत धरत. तिच्या खालच्या बाजूला खवल्यांच्या दोन ओळी आहेत, हे सगळ्यांना दिसत होतं, पण त्याला वजन दिलं ते डीएनएनंतर.

चाळीस_अंश

दुसऱ्या प्रश्नातलं नमुने गोळा करणं माझ्याकडे. बहुतेकांचं काम लॅबमध्ये नाही, इथेच बिघडतं.

एक चकती म्हणजे एक जात, असं धरू नका. आपल्या काळ्या मातीत दोन-तीन जाती एकमेकींत घुसून वाढतात, त्यात फॉसोम्ब्रोनिया (दुसरी एक लिव्हरवर्ट) आणि मॉसचे धागे अडकलेले असतात. त्यामुळे एका चकतीला एक पाकीट, एक क्रमांक. चाकूने सेंटीमीटरभर मातीसकट उचला. ओढून काढली तर खालचे खवले आणि राइझॉइड (मुळांसारखे केस) तुटतात, आणि ओळखायला तेच लागतात.

घरी आल्यावर चकतीचे दोन भाग. टोकाकडचे कोवळे तुकडे डीएनएसाठी, मागचा जुना भाग मातीसकट वर्तमानपत्राच्या पाकिटात, व्हाउचर (पुढे पडताळायला जपलेला नमुना) म्हणून. ही वाटणी सोयीची आहेच, पण तिला कारणही आहे. रिक्सियाचे स्पोरोफाईट थॅलसच्या आत, जुन्या भागात बुडालेले असतात. ते फलनातून आलेले, म्हणजे त्यात दुसऱ्या झाडाचा वाटा असू शकतो. तो भाग डीएनएसाठी दळला तर एका नमुन्यात दोन जीनोम. टोकाला ही भानगड नसते. आणि पिकलेले काळपट स्पोर मागच्या भागातच मिळतात, ते सूक्ष्मदर्शकासाठी लागणारच आहेत.

कोवळी टोकं स्टिरिओ सूक्ष्मदर्शकाखाली घ्या, ब्लेडने राइझॉइड खरवडून टाका, डिस्टिल्ड पाण्याने चार-पाच वेळा धुवा. राइझॉइडला माती, बुरशी आणि निळं-हिरवं शैवाल चिकटलेलं असतं. मग टिपकागदावर पाणी टिपून लगेच सिलिका जेलमध्ये. वजनाने एकास दहा सिलिका. बारा ते चोवीस तासांत कुडकुडीत वाळलं पाहिजे. हळू वाळलं तर पेशीतली एन्झाइम डीएनए तोडत बसतात.

सप्टेंबरची हवा दमट असते. उघड्या डब्यातलं सिलिका दुपारपर्यंत निकामी होतं. रंग बदलणारे नारिंगी मणी थोडे मिसळा. रंग उडाला की ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन-तीन तास तापवून परत वापरा. फॉर्मॅलिन किंवा एफएएमध्ये (फॉर्मॅलिन, अॅसेटिक आम्ल, अल्कोहोलचं मिश्रण) ठेवलेल्या म्युझियमच्या बरण्या या कामाला विसरा.

हुरडा

औषधांच्या डब्यात नि बुटांच्या खोक्यात ज्या पुड्या येतात त्या चालतील का? फुकटात काम होईल.

चाळीस_अंश

चालतील, पण आधी तापवून घ्या. मिळतात तेव्हा त्या बहुतेक ओल्याच झालेल्या असतात. एका पुडीत एक ग्रॅमच सिलिका असेल तर त्यात १०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ओला थॅलस टाकू नका. कापडी पुडी फोडायची नाही, सिलिकाची धूळ नमुन्यात गेली की दळताना त्रास.

जेलमधली_रेघ

आता डीएनएची काढणी. सीटॅब पद्धत (सीटॅब हा पेशी फोडणारा डिटर्जंट) इथे महागड्या किटपेक्षा वाईट नाही, उलट लिव्हरवर्टसाठी मी तीच सुचवेन.

बफर: सीटॅब २ टक्के, सोडियम क्लोराइड १.४ मोलर, ईडीटीए २० मिलिमोलर, ट्रिस १०० मिलिमोलर पीएच ८, पीव्हीपी २ टक्के. बीटा-मर्कॅप्टोइथेनॉल ०.२ टक्के, तेही वापरायच्या क्षणी आणि फ्यूम हूडमध्ये. ६५ अंशांवर आधीच गरम करून ठेवा.

वाळलेला थॅलस १५ ते २० मिलिग्रॅम. जास्त घेतला की जास्त डीएनए मिळतो हा गैरसमज आहे, जास्त मिळतो तो चिकटा. दोन मिलिलिटरच्या ट्यूबमध्ये स्टीलच्या मण्यांबरोबर कोरडाच दळा. पीठ मैद्यासारखं झालं पाहिजे, रव्यासारखं नको. ६०० मायक्रोलिटर बफर, ६५ अंशांवर ४५ मिनिटं, दर दहा मिनिटांनी उलटसुलट. मग तेवढंच क्लोरोफॉर्म-आयसोअमाइल अल्कोहोल, २४:१. हलक्या हाताने पाच मिनिटं मिसळा, १२,००० आरपीएमवर दहा मिनिटं फिरवा. वरचा थर ४०० मायक्रोलिटरच घ्या. मधल्या पांढऱ्या पापुद्र्याला टिप लागली की प्रथिनं वर आलीच. हाव सोडा, शेवटचे ५० मायक्रोलिटर तिथेच राहू द्या.

दोन तृतीयांश आयसोप्रोपॅनॉल, म्हणजे २७० मायक्रोलिटर, उणे २० वर अर्धा तास. परत फिरवा, ७० टक्के इथेनॉलने दोनदा धुवा, वाळवा, ५० मायक्रोलिटर टीईमध्ये विरघळवा, आरएनेझ द्या.

बिघाड कुठे होतो?

खाली बसलेला गोळा पारदर्शक आणि शेंबडासारखा दिसला तर तो डीएनए नव्हे, त्यात बहुसंख्य पॉलिसॅकराइड आहेत. तो परत टीईमध्ये घ्या, सोडियम क्लोराइड दीड-दोन मोलरपर्यंत वाढवा आणि दुप्पट थंड इथेनॉलने पुन्हा खाली पाडा. जास्त मिठात डीएनए खाली येतो, पॉलिसॅकराइड बरेचसे वर राहतात. गोळा तपकिरी असेल तर फिनॉलची भर आहे, पुढच्या वेळी पीव्हीपी आणि मर्कॅप्टो ताजं घ्या.

स्पेक्ट्रोफोटोमीटरवर २६०/२८० चं गुणोत्तर १.८ आलं म्हणून नाचू नका. २६०/२३० एकच्या खाली असेल तर पीसीआर (डीएनएच्या हव्या तुकड्याच्या प्रती वाढवणं) अडणार. उपाय फुकटचा आहे: डीएनए दहापट पातळ करा. जेलवर पट्टी न येणाऱ्या नमुन्यांत डीएनए कमी नसतो, अडथळा जास्त असतो.

पीसीआर २५ मायक्रोलिटरचा: दुप्पट ताकदीचं मास्टर मिक्स १२.५, दोन्ही प्रायमर (हव्या तुकड्याची टोकं धरणारे छोटे डीएनए) १० मायक्रोमोलरचे प्रत्येकी १, बीएसए २० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरचं ०.५, डीएनए १, पाणी ९. ९४ अंश ३ मिनिटं. मग ९४ वर ३० सेकंद, ५२ वर ४० सेकंद, ७२ वर १ मिनिट, अशी ३५ चक्रं. शेवटी ७२ वर ७ मिनिटं. डीएनएऐवजी पाणी घातलेली एक ट्यूब दर वेळी. तिच्यात पट्टी आली तर अख्खी बॅच फेका, 'फिकट आहे, चालेल' असं म्हणायचं नाही.

ओलीमाती

कोणता जीन घ्यायचा? वनस्पतींच्या बारकोडसाठी (जात ओळखायचा ठरावीक डीएनए तुकडा) २००९ मध्ये आरबीसीएल आणि मॅट-के ठरले, तेच घ्यायचे का?

जेलमधली_रेघ

आरबीसीएल हो, मॅट-के नको. फुलझाडांसाठी बेतलेले मॅट-के प्रायमर लिव्हरवर्टमध्ये बहुधा बसतच नाहीत, पैसे आणि दिवस दोन्ही जातात. त्याऐवजी टीआरएनएल-एफ हा क्लोरोप्लास्टमधला पट्टा घ्या, ४०० ते ६०० बेसचा, कमकुवत डीएनएतूनही निघतो. तिसरा केंद्रकातला आयटीएस२. पण आयटीएसचे सार्वत्रिक प्रायमर बुरशीलाही तितक्याच आनंदाने चिकटतात. दीड टक्का अॅगॅरोजवर दोन पट्ट्या दिसल्या तर एक बुरशीची असण्याची शक्यता मोठी.

काळा_बेसाल्ट

इथे एक खोडा घालतो, कारण आरबीसीएलवर लोक फार विसंबतात. मार्केंशियाच्या वर्गात डीएनए बदलण्याचा वेगच मंद आहे. पिढ्यान् पिढ्या गेल्या तरी अक्षरं फारशी हलत नाहीत. त्यामुळे १,४०० बेसचा आरबीसीएल गण नि कुळं छान वेगळी करतो, पण रिक्सियाच्या दोन जवळच्या जातींत दोन-चार अक्षरांचाच फरक दाखवतो, कधी तोही नाही. फरक दिसला नाही म्हणजे जात एक, असा निष्कर्ष काढू नका. तीन पट्टे जोडून बघा आणि स्पोरांच्या कवचावरची जाळी बघाच. 'डीएनए केला, आता सूक्ष्मदर्शक कपाटात' असं या वनस्पतीत चालत नाही.

उलटही होतं. कोनोसेफॅलम कोनिकम ही एकच जात वर्षानुवर्षं मानली, आत बऱ्याच लपलेल्या निघाल्या. अॅन्यूरा पिंग्विसची तीच गत. आणि २०१६ मध्ये प्राइसिया ही प्रजाती मोडून मार्केंशियात घातली, कारण ती ठेवली असती तर मार्केंशिया अर्धवट गट राहिला असता. एका पूर्वजाची सगळी पोरं घ्यायची, निवडक नाहीत, हा आजच्या वर्गीकरणाचा नियम.

व्हाउचर का ठेवायचं याचं उदाहरण देतो. १९८६ मध्ये जपानमध्ये लिव्हरवर्टच्या क्लोरोप्लास्टचा पूर्ण क्रम वाचला, १,२१,०२४ बेस. त्याच वर्षी तंबाखूचा आला. पूर्ण वाचलेले हे पहिले दोन क्लोरोप्लास्ट. कित्येक वर्षं तो मार्केंशिया पॉलिमॉर्फाचा म्हणून वापरला गेला. ज्या पेशींच्या वाणातून तो आला तो खरं तर मार्केंशिया पॅलिएशियाचा होता, हे पुढे क्रमांची तुलना केल्यावर कळलं. आता डेटाबेसमध्येही नाव बदललंय. तेव्हा ब्लास्टमध्ये (डेटाबेसशी क्रम जुळवणारं साधन) पहिलं नाव जे येईल ते नमुन्याला चिकटवू नका. भारतातल्या रिक्सियाच्या बऱ्याच जातींचे क्रम डेटाबेसमध्ये नाहीतच, मग यंत्र बिचारं सर्वांत जवळचं परदेशी नाव देतं.

ओलीमाती

क्रोमॅटोग्राममध्ये (क्रम वाचणाऱ्या यंत्राच्या आलेखात) एका जागी दोन शिखरं दिसली तर? फुलझाडांत आपण हेटरोझायगस (एका जीनच्या दोन वेगळ्या प्रती) म्हणून सोडून देतो.

काळा_बेसाल्ट

इथे सोडायचं नाही! लिव्हरवर्टचा थॅलस हॅप्लॉइड आहे, प्रत्येक जीनची एकच प्रत. हेटरोझायगस हा प्रकारच नाही. टीआरएनएल-एफमध्ये एकावर एक दोन शिखरं ओळीने दिसली तर नमुन्यात दोन झाडं आहेत, किंवा शैवाल. आयटीएसमध्ये मात्र जरा दमाने, कारण त्याच्या केंद्रकात शेकडो प्रती असतात आणि संकरातून झालेल्या पॉलिप्लॉइड जातीत दोन्ही आईबापांच्या प्रती दिसू शकतात. आधी थॅलसचं दुसरं कोवळं टोक घेऊन परत करा. तेव्हाही दोनच राहिली तर विचार करा.

आरबीसीएल प्रथिनात भाषांतर करून बघायची सवय ठेवा. मधेच स्टॉप कोडॉन (प्रथिन थांबवणारी खूण) आला तर रिक्सियात तो वाचनातला घोटाळा, कारण मार्केंशियासारख्या थॅलसवाल्यांत आरएनए एडिटिंग नाही. पण तोच स्टॉप अँथोसेरॉसमध्ये आला तर खरा असू शकतो, तिथे आरएनए बनल्यावर अक्षरं दुरुस्त होतात. चकतीत चुकून हॉर्नवर्टचा तुकडा आला असेल तर असाही पत्ता लागतो.

झाड बांधणं थोडक्यात. दोन्ही दिशांचे क्रम जोडा, प्रायमरची टोकं छाटा, मॅफ्ट प्रोग्रॅममध्ये रांग लावा, रांग डोळ्यांनी तपासा. झाड काढणारा आयक्यू-ट्री फुकट आहे, मॉडेल तोच निवडतो. अल्ट्राफास्ट बूटस्ट्रॅप (गाठीवर किती भरवसा ठेवायचा याचं माप) १,००० वेळा. ९५ च्या खालच्या गाठीवर निष्कर्ष उभारू नका. साध्या बूटस्ट्रॅपची ७० ची सवय इथे लावू नका, दोन्ही मापं वेगळी. बाह्यगट (तुलनेसाठी गटाबाहेरची वनस्पती) म्हणून रिक्सियासाठी टार्जिओनिया किंवा मार्केंशिया, अख्ख्या वर्गासाठी ब्लासियाच्याही बाहेरचं काही. मॉस बाह्यगट घेतला तर इतक्या लांब फांदीवर मूळ कुठेही चिकटतं.

हुरडा

मग जमिनीवर सगळ्यात आधी आलेली वनस्पती लिव्हरवर्ट, हे तरी खरं ना? तेवढं तरी राहू द्या.

कायक

तेही हललंय. १९९८ मध्ये मायटोकॉन्ड्रियातल्या तीन इंट्रॉनचा (जीनमधले, आरएनएतून कापले जाणारे तुकडे) अभ्यास आला. मॉस, हॉर्नवर्ट आणि वाहिनीवाल्या वनस्पतींत (नेचे, फुलझाडं वगैरे) ते आहेत, लिव्हरवर्ट आणि शैवालांत नाहीत. म्हणून लिव्हरवर्ट सगळ्यांत आधी फुटल्या असं मांडलं गेलं. युक्तिवाद देखणा होता. अडचण ही की नसणं दोन प्रकारचं असतं, कधीच नव्हतं किंवा होतं ते गळालं.

पुढे शेकडो जीन एकत्र घेतल्यावर चित्र वेगळं आलं. मॉस आणि लिव्हरवर्ट बहिणी, त्यांच्या जोडीला हॉर्नवर्ट, आणि हे तिन्ही मिळून वाहिनीवाल्या सगळ्यांसमोर एक गट. २०१८ आणि नंतरची विश्लेषणं, २०२० मध्ये आलेले हॉर्नवर्टचे जीनोमही याच बाजूने बोलतात. म्हणजे लिव्हरवर्टला पर्णरंध्रं नाहीत ती 'अजून आलेली नव्हती' म्हणून नाही, बहुधा गेली म्हणून. रिक्सियाच्या सीटासारखंच!

काळा_बेसाल्ट

'बहुधा' ला माझं अनुमोदन. क्लोरोप्लास्टच्या जीनवर जुनी झाडं वेगळी यायची त्याचं एक कारण कोडॉनमधलं तिसरं अक्षर. त्या जागी ए-टीचं प्रमाण वेगवेगळ्या वंशांत वेगळं असतं आणि प्रोग्रॅम त्या सारखेपणाला नातं समजतो. प्रथिनांच्या पातळीवर तुलना केली की तो दोष कमी होतो. आपल्या रिक्सियाच्या छोट्या झाडात हा धोका फार नाही, पण तिसरं अक्षर वगळून एकदा झाड काढायला दहा मिनिटं लागतात. काढा.

वयाचं कोणी विचारण्याआधी सांगतो: तीन पट्ट्यांवरून वय काढू नका. घड्याळ लावायला जीवाश्म लागतात. न्यूयॉर्कच्या डेव्होनियन खडकांतले पॅलाव्हिसिनाइटिस आणि मेट्झगेरिओथॅलस युंगरमानियाच्या बाजूला चालतात. रिक्सियासारख्या मऊ, पावसाळी जीवाचे जीवाश्म मुळात विरळ.

ओलीमाती

आभार मंडळी. पुढच्या खेपेसाठी यादी अशी करतोय: चाळीस पाकिटं, नारिंगी सिलिका, ब्लेड. ठिकाणं हिप्परगा तलावाचा काठ आणि नळदुर्गच्या वाटेवरचे ओढे. पहिल्या बॅचला टीआरएनएल-एफच करतो. किती नमुने एका वेळी घ्यावेत?

जेलमधली_रेघ

सहा. पाच तुमचे, सहावा नक्की ओळख पटलेल्या प्लॅजिओकाझ्मा किंवा टार्जिओनियाचा, म्हणजे काढणी बिघडली की नमुना बिघडला ते कळेल. पाण्याची ट्यूब वेगळी. आणि ट्यूबच्या झाकणावर लिहिलेला क्रमांक इथेनॉलने पुसला जातो, बाजूलाही लिहा, पेन्सिलने.

चाळीस_अंश

चाळीस पाकिटं कमी पडतील. साठ न्या, आणि डबा गाडीच्या डिकीत ठेवू नका, ऑक्टोबरच्या उन्हात आत भट्टी होते.